नोझल

लेअर गावात सकाळी आठला मी बेल वाजवतो.
आज अकरा घरं. काल नऊच झाली,
एका घरात कुत्रा होता.

ओल्टमन्सबाई दार उघडतात, पायात लोकरी सपाता.
"काय बिघडलंय?"
काही नाही, बाई. गॅस बदलतोय.
आजवरचा जरा मवाळ होता,
आता येणार तो कडक, नॉर्वेचा, समुद्राखालून.
जुन्या भोकातून सोडला तर ज्योत भडकेल,
पिवळी पडेल, घरात विष साचेल.
म्हणून हे पितळेचं नोझल काढायचं,
दुसरं बसवायचं.
दोन्हींच्या भोकांत फरक केसाएवढा.

"आणि आजवरचा कुठून यायचा?"
हॉलंडमधून. तासाभराची वाट.
"मला वाटायचं रशियातून," म्हणतात
आणि सवयीने किटलीकडे हात नेतात.
थांबा, अजून जोडलेलं नाही.

पन्नास वर्षं त्या आचेवर
बटाटे उकडले, नवऱ्याचे मोजे वाळवले,
एका जानेवारीत मुलगा यायचा होता
म्हणून रात्रभर सूप गरम ठेवलं.
ज्योत निळी होती.
निळी ज्योत आपलं गाव सांगत नाही.

त्या तासाभराच्या वाटेवर माझी बहीण नांदते, गेस्के.
रविवारी गेलो. सीमेवर कुणी अडवत नाही,
डांबराचा रंग तेवढा बदलतो.
तिच्या गोठ्याला बाहेरून लाकडी टेकू,
आत गाई निवांत, त्यांना कुणी कळवलेलं नाही.
स्वयंपाकघराच्या भिंतीत तडा. राइन्ट, माझा मेहुणा,
त्याच्या कडेने पेन्सिलीने तारखा घालतो,
मुलांची उंची मांडतात तशा.
ऑगस्ट. फेब्रुवारी.
मग नोव्हेंबर, पुढे प्रश्नचिन्ह:
त्या रात्री तो झोपेत होता.

खालून साठ वर्षं उपसलं.
पोकळी वगैरे नाही झाली, तो म्हणतो,
दगडातला श्वास गेला, दगड बसला,
वरची जमीन कूस बदलते, बस्स.
बिटाच्या शेतात पहिला गॅस लागला तेव्हा
त्याचे वडील सायकल मारत बघायला गेले होते.
मग घरोघर शेगड्या आल्या, कोळशाच्या बादल्या गेल्या.
"खोटं कशाला बोलू, ऊब आम्हीही खाल्ली."
आता विहिरींच्या तोंडात सिमेंट.
नुकसान मोजणारे सातदा येऊन गेले,
दर वेळी नवा माणूस,
दर वेळी तडा नव्याने सापडला.
ओट्यावर विजेची काळी काच.
ती तापते, पण दिसत नाही, गेस्के म्हणते,
दोनदा बोटं भाजली.

मी खिशातून ओल्टमन्सबाईंचं जुनं नोझल काढलं,
टेबलावर ठेवलं.
राइन्टने ते डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं.
"एवढ्याशातून?"
पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडायला बसला:
एवढं भोक, दिवसाला तीन तास,
पन्नास वर्षं, घरं किती धरू?
धर हवी तेवढी, मी म्हणालो, तिकडे सगळीच घरं.
तेवढ्यात दुधाचा टँकर आला.
हिशेब गुणाकारातच राहिला.

गेस्केने चहा मांडला, आमच्या बाजूचा:
आधी कपात खडीसाखरेचा खडा,
मग वरून उकळता चहा,
आणि खडा तडकतो.
लहानपणी आम्ही कपाला कान लावून बसायचो,
ज्याचा खडा मोठ्याने बोलेल तो जिंकला.

तिने ओतला.
तड्.

तिचा हात टेबलाच्या कडेवर गेला.
राइन्ट दारातून आत येत होता, त्याने वर पाहिलं,
दिवा हलतोय का.

"साखर आहे," मी म्हणालो.
"ठाऊक आहे मला," ती म्हणाली,
हसलीसुद्धा.
हात मात्र सुटायला वेळ लागला.